लाल ठिपक्याची पाकिटं

ट्वायलाच्या स्वयंपाकघरात टेबलावर औषधाची वाफ घ्यायची तीन मशीनं मांडून ठेवली होती आणि डेल्फा रस्क त्यांच्याकडे मुलीला स्थळं बघावीत तशी बघत होती. एक बुटाच्या खोक्याएवढं, आत पंप असलेलं. दुसरं मुठीत मावणारं, बॅटरीवर चालणारं, बारीक जाळीतून धुकं सोडणारं. तिसरं पाणी थरथरवून वाफ काढायचं, पण त्याचं झाकण आधीच तडकलं होतं.

"हे छोटं गोंडस आहे," डेल्फा म्हणाली. मग थांबली, श्वास घेतला आणि पुढचं बोलली, "गाण्याला जाताना पर्समध्ये राहील."

"गोंडस काय करायचंय? चांदीनं त्याची जाळी तुंबते. मग बसशील टेबलावर आपटत." ट्वायला शेंगा मोडत होती, हात थांबला नाही. "पंपाचं घे बाई. आवाज करतं, पण आमचा हार्लन रात्री घोरायचा त्यापेक्षा कमीच."

"हार्लनपेक्षा गिरणी शांत होती."

दोघी हसल्या. डेल्फाचं हसू खोकल्यात गेलं आणि ट्वायलानं न बोलता पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पस्तीस वर्षांची मैत्री अशीच असते, ग्लास मागावा लागत नाही.

अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरातल्या त्या गावात चांदीचं पाणी ट्वायलानंच आणलं. काचेच्या बरणीत शुद्ध पाणी, त्यात चांदीच्या दोन तारा, तारांना बॅटरी. थोड्या वेळानं पाणी किंचित पिवळसर व्हायचं. आधी लोक ते चमच्यानं घ्यायचे, मग कुणी म्हणालं की फुप्फुसाचं दुखणं असेल तर वाफ करून थेट आत घ्यावं. ट्वायलाला स्वतःला दम्याचा जुना त्रास, आणि आता पाहावं तर ती चर्चच्या पायऱ्या न थांबता चढत होती. याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? बुधवारच्या प्रार्थनेत ती उभी राहून साक्ष द्यायची, "देवानं आणि चांदीनं मला श्वास परत दिला." लोक "आमेन" म्हणायचे. डेल्फा सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची.

वसंतात डेल्फा या चांदीवाल्यांच्या मंडळात आली, तेव्हा तिनं डॉक्टरची औषधं ट्वायलाच्या हवाली केली होती आणि घरातलं वाफेचं जुनं मशीन मोडीत टाकलं होतं. तशी रीतच पडली होती. औषधाचा डबा कपाटात ठेवून विश्वास ठेवतोय म्हणायचं, म्हणजे एक पाय होडीत आणि एक काठावर, असं ट्वायला म्हणायची. ती सगळ्यांची औषधं कॉफीच्या चोथ्यात कालवून फेकून द्यायची, कुणी उकरून घेऊ नये म्हणून. डेल्फानं आपले खोके तिच्या हातात दिले तेव्हा दोघी रडल्या होत्या.

आता डेल्फाला एकच गोष्ट हवी होती. येत्या रविवारी गाण्याचा दिवस होता. चारही बाजूंना आवाजाच्या पट्टीनुसार बाकं मांडून गावानं चौकोनात बसायचं, दुपारी झाडाखाली जेवायचं, आणि जेवणाआधी वर्षभरात गेलेल्यांच्या नावानं एक गाणं म्हणायचं. ते गाणं मधोमध उभं राहून हातानं ताल देत घरच्या माणसानं म्हणवून घ्यायचं असतं. यंदा त्यात अर्विन होता, तिचा नवरा. तिला तीन कडव्यांपुरता श्वास हवा होता, आणि तो दिवसेंदिवस कमी होत चालला होता. नखांच्या मुळाशी निळसर छटा आली होती. ट्वायला म्हणाली होती, "रंग धरतोय म्हणजे लागू पडतंय."

"असं कर," ट्वायला आता म्हणाली, "नवीन मागवायच्या आधी माझं वापरून बघ. पिशवीसकट ने. आणि रविवारची काळजी करू नकोस. मी आल्टोच्या बाकावर आहेच. तुझा श्वास कमी पडला की मी उचलते, कुणाला कळणारसुद्धा नाही."

डेल्फानं तिचा हात दाबला आणि पिशवी घेऊन घरी गेली.

जेवण झाल्यावर तिनं मशीन बाहेर काढलं. नळी लावली, मास्क लावला, पण हवा गाळायची छोटी चकती काळी पडली होती. नवी असेल म्हणून तिनं पिशवीच्या कडेच्या खिशात हात घातला. चकती होती. तिच्या मागे फॉइलचं एक पाकीट होतं, अर्धं फाडलेलं. आत औषधाची एक भरलेली प्लास्टिकची कुपी, आणि खिशाच्या तळाशी मोडलेली बोंडं. कुपी उघडताना जे बोंड पिळून काढतात, ती.

पाकिटाच्या कोपऱ्यावर लाल ठिपका होता. नेलपॉलिशचा.

असा ठिपका या गावात एकाच घरात दिला जायचा. अर्विनलाही वाफेचं औषध होतं, वेगळं, आणि दोघांची पाकिटं दिसायला सारखी. एकदा अदलाबदल झाली तेव्हापासून डेल्फा आपल्या प्रत्येक पाकिटावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. अर्विन चिडवायचा, "औषधालाही नटवतेस."

ती पाकीट हातात धरून बसून राहिली. आधी तिनं ट्वायलाच्याच बाजूनं विचार केला, कारण सवय तीच होती. चुकून राहिलं असेल. फेकताना एखादं पिशवीत पडलं असेल. पण मोडलेली बोंडं चुकून मोडत नाहीत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, इथवर असतं तरी तिनं हसून सोडून दिलं असतं. पण हे तिचं औषध होतं.

सकाळी ती ट्वायलाकडे गेली. गाडीपासून दारापर्यंत दोनदा थांबावं लागलं. ट्वायला मक्याची भाकरी भट्टीतून काढत होती.

"काय गं, आवडलं का मशीन?"

डेल्फानं पाकीट टेबलावर ठेवलं, ठिपका वर करून.

ट्वायलानं ते पाहिलं. भाकरीचा तवा तिनं हळूच खाली ठेवला आणि हात पुसत राहिली. हात कोरडे होते तरी पुसत राहिली.

"मी सांगणार होते तुला."

"कधी?"

"चांदी मी घेतेच, डेल्फा. खोटं नाही बोलले मी. नुसतं तेवढंच..." ती खुर्चीत बसली. "तेवढ्यानं भागेना. आणि औषधाच्या दुकानात गल्ल्यावर कोण बसतं तुला माहीत आहे. ल्यूएलाच ना? मी चिठ्ठी घेऊन गेले असते तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं. एवढे लोक माझ्या शब्दावर..."

"म्हणून माझं घेतलंस."

"तू तर टाकूनच दिलं होतंस."

हे ती अगदी सहज बोलली, आणि बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच ते ऐकू आलं. डेल्फानं खुर्चीची पाठ धरली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारा हात आपल्या ओळखीचा असतो.

"मे महिन्यात," डेल्फा म्हणाली. श्वास घेतला. "माझा जीव घुसमटला होता. मी तुला फोन केला."

"डेल्फा, नको."

"तू आलीस. माझा हात धरलास. म्हणालीस, कळ काढ, चांदी विष बाहेर काढतेय." पुन्हा श्वास. "मग म्हणालीस, गाडीत बसून जरा प्रार्थना करून येते. परत आलीस तेव्हा तुझा आवाज मोकळा होता. तू मला गाणं म्हणून दाखवलंस."

ट्वायला टेबलाकडे बघत होती.

"प्रार्थना केलीस?"

भट्टी अजून चालू होती, ती बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

"किती उरलीत?" डेल्फानं विचारलं.

ट्वायला उठली. पिठाच्या डब्यामागून तिनं खोका काढला. आत एकच पाकीट होतं, त्यावरही ठिपका. "बाकी..." ती म्हणाली आणि खोका टेबलावर ठेवला.

"मशीन गाडीत आहे. आण. तू लाव."

ट्वायलानं मशीन आणलं, गरम पाण्यानं कप दोनदा धुतला. मग दोन बोटांत कुपी धरून अंगठ्यानं बोंड पिळलं, न बघता, रोज करणाऱ्या माणसासारखं. पंप घरघरायला लागला. डेल्फा मास्क नाकातोंडावर धरून बसली आणि समोर ट्वायला पदर चुरगाळावा तसं एप्रनचं टोक चुरगाळत बसली.

आधी काही नाही. मग बरगड्यांमधली कुठलीतरी गाठ सैल झाली. हवा खाली गेली, वसंतापासून जिथे गेली नव्हती तिथपर्यंत. डेल्फाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतकं सोपं होतं ते. ते सोपं असणंच तिला सहन होईना.

कुपीतलं औषध संपलं तेव्हा ट्वायला हलक्या आवाजात म्हणाली, "बरं वाटतंय ना? रविवारी मी तुझ्या शेजारी उभी राहते. अर्विनसाठी."

डेल्फानं मास्क काढून तिच्यापुढे ठेवला. उघडं पाकीट आणि खोका पर्समध्ये टाकला आणि उठली. आता तिला तडक डॉक्टरांकडे जायचं होतं, तिथून ल्यूएलाच्या गल्ल्यावर, भर दुपारी, सगळ्यांसमोर. दारात ती वळली.

"त्या दिवशी तू गाडीतून परत आलीस आणि मला गाणं म्हणून दाखवलंस, तेव्हा मी तुझा हात डोळ्यांना लावून तुझे आभार मानले होते, ट्वायला."

मधे कुठेही न थांबता, एका श्वासात ती हे बोलली.