आळशी म्हणजे काय दिसलं?

बालवर्गाच्या ताईंनी मुलांच्या प्रगतीची पानं मोठ्या हौसेने लिहिली होती. अक्षर मोत्यासारखं. शाबासकी मिळणार, या खात्रीने त्या मोठ्या बाईंसमोर बसल्या.

"गुणी, हट्टी, गोड, आळशी," मोठ्या बाईंनी वाचून दाखवलं. "ताई, ही मुलांची प्रगती आहे की तुमचं मत? आता हा आळशी. म्हणजे काय करताना दिसला तुम्हाला?"

"काहीच करताना दिसला नाही. म्हणून तर आळशी."

डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल तेवढंच लिहायचं आणि त्यावरून पुढच्या आठवड्याचं नियोजन करायचं, असं सांगून मोठ्या बाईंनी पानं परत केली.

ताई फणकाऱ्यातच घरी आल्या. इतकी वर्षं मुलं सांभाळली, आणि आता म्हणे बघायला शिका! दारात नवऱ्याच्या चपला आडव्यातिडव्या पडल्या होत्या. त्यांत अडखळून ताई पडता पडता वाचल्या. 'आळशी' हा शब्द अगदी जिभेवर आला आणि तिथेच थबकला. सराव करायचाच आहे, तर घरापासून का नको?

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. नवरा बाजारातून येईपर्यंत ताई कागद-पेन्सिल घेऊन कोपऱ्यात दबा धरून बसल्या. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. दुकानात केसाएवढा स्क्रूसुद्धा जागच्या जागी ठेवणार आणि घरी मात्र... एवढं लिहून त्यांनी खोडलं. हे मत झालं.

तो आला. दोन्ही हातांत पिशव्या. चपला पायानेच भिरकावल्या. पिशव्या ओट्यावर ठेवून परत आला, चपला उचलल्या, रॅकपाशी वाकला. वरची फळी पाहिली, मधली पाहिली, खालची पाहिली. मग चपला पुन्हा दारातच ठेवल्या.

"रॅकवर का नाही ठेवल्या?"

"कुठे ठेवू? तिथे तुझ्याच नांदतायत सगळ्या. आणि लिहितेयस काय एवढं?"

"तुमची प्रगती."

"मग? जाईन का वरच्या वर्गात?"

ताईंनी मुकाट्याने एक फळी रिकामी केली. संध्याकाळी त्याच्या चपला तिथे होत्या, कुणी न सांगता. हे मात्र ताईंनी लिहिलं नाही. नवऱ्यांना फार चढवून ठेवायचं नसतं.

वर्गातला 'आळशी' म्हणजे ढब्बू. आवरायची वेळ झाली की हा मांडीत ठोकळे घेऊन बसून राहायचा. या वेळी ताई नुसत्या बघत राहिल्या. ढब्बू उठला, ठोकळे पोटाशी धरून कपाटापर्यंत गेला. ठोकळ्यांच्या फळीवर ताईंचे तक्ते, रंगांचे डबे, गेल्या वर्षीच्या कागदी माळा ठासून भरलेल्या. तो जरा वेळ उभा राहिला आणि परत येऊन बसला.

"इथेही मीच," ताई पुटपुटल्या.

झालं, आठवड्याचं नियोजनच बदललं. फळी मोकळी झाली. तिथे टोपल्या आल्या, टोपल्यांवर आकारांची चित्रं आली. वस्तू हातात घ्यायची, फिरवून पाहायची आणि ज्या त्या टोपलीत टाकायची, असा खेळ. ढब्बूच्या अंगात वारंच शिरलं. ठोकळे संपले, खेळण्यातली चाकं संपली, तरी तो थांबेना. ताईंचा जेवणाचा डबा चौकोनी वस्तूंत गेला.

मोठ्या बाई वर्ग पाहायला आल्या. चष्मा टेबलावर ठेवून त्यांनी एका मुलीच्या बुटाची नाडी बांधली आणि वर बघतात तो चष्मा गायब. बरीच शोधाशोध झाल्यावर तो गोल वस्तूंच्या टोपलीत सापडला.

ढब्बूने एका काचेवर बोट ठेवलं. "ही गोल." मग दुसरीवर. "ही पण गोल."

मोठ्या बाई काचा पुसत म्हणाल्या, "ताई, आता काय लिहिणार?"

"दिसलं ते. आकार ओळखून वस्तू वेगळ्या करतो. स्वतःहून करतो."

"आणि पुढच्या आठवड्यात?"

ताईंनी विचार केला. "कोणती वस्तू कुणाची, ते."

"लवकर घ्या," मोठ्या बाई म्हणाल्या, कारण ढब्बू आता त्यांची पर्स निरखून बघत होता.