पाहुणा येणार म्हणून पुसलेलं नुकसान

मित्रांनो, मी पायानं चालवायची शिवणमशीन. या घरात माझ्याहून म्हातारं कुणी नाही. सासूबाईसुद्धा माझ्यापुढे कालचं पोर! त्यांच्या आईनं लग्नात मला त्यांच्यासोबत धाडलं. "हिला जप, ही तुला जपेल," एवढंच म्हणाली.

काय दिवस होते ते! माझा वेग असा, की एकदा पडदा शिवताना खिडकीतून आलेला वारासुद्धा मी त्यात टाचून टाकला. खोटं वाटतं? महिनाभर तो पडदा फुगलेलाच होता, शेजारणींना विचारा. नातवंडांची झबली, सुनेचे ब्लाउज, सगळं माझ्या सुईखालून गेलं. पुढे तयार कपड्यांचं खूळ आलं आणि मी कुंडी ठेवायचं टेबल झाले.

मग आम्ही फ्लॅटमध्ये राहायला आलो. सूनबाईंनी घरातल्या सामानाचा विमा काढला. सासूबाई हसल्या, "सोसायटीनं इमारतीचा काढलाय ना? माझ्या डब्याबिब्यांचा वेगळा कशाला गं?"

एकदा सगळे गावाला गेले असताना वरच्या घरातला पाइप फुटला. सगळे परत येईपर्यंत छत माझ्यावर गळत होतं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "भिंती, छत आम्ही करून देऊ, आजी. आतलं सामान तुमचं." मशीन दुरुस्त करणारा मला बघून म्हणाला, "खर्च फार येईल. भंगारात द्या." म्हणजे विम्याचे पैसे आले तरच मी जगणार!

विम्याचा माणूस पाहणीला यायचा होता. सूनबाई ऑफिसातून त्याला घेऊन येणार होत्या. इकडे सासूबाईंनी पदर खोचला. "परका माणूस येणार, आणि घरात हा राडा?" भिजलेली गादी खाली कचऱ्यापाशी गेली, मागोमाग गालिचा. फरशी लख्ख. माझ्यावर तेलाचा हात, वर भरतकामाचा रुमाल.

तो माणूस आला, चहूकडे बघत राहिला. "नुकसान कुठंय?"

सूनबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो आई, तेच तर दाखवायचं होतं! भिजलेली गादी कुठाय?"

"आपल्या घरातलं वाईट कुणाला दाखवत नाहीत," सासूबाई ताठ्यात.

"ही मशीन चालते का?" त्या माणसानं विचारलं.

"चालते? धावते!" म्हणत त्यांनी वरचा रुमाल सुईखाली सरकवला आणि बसल्याच माझ्यापुढे.

जन्मभर त्यांच्या पायाच्या इशाऱ्यावर मी धावले. आजही वाटलं, बाईची लाज राखावी. पण गंज पार आत गेलेला. त्यांनी जोर लावला, मी करकरले, आणि पोटातलं तांबूस पाणी पांढऱ्याशुभ्र रुमालावर भळभळलं.

सासूबाईंनी पाय मागे घेतला. मग हळूच म्हणाल्या, "नाही हो चालत. आईनं दिलेली होती."

त्या माणसानं माझे फोटो काढले. "गादी कुठे टाकलीत, आजी? चला, दाखवा."

विम्याचे पैसे आले, दुरुस्ती झाली आणि मी वाचले. आवाज मात्र पूर्वीसारखा राहिला नाही, जरा खाकरते. सासूबाईंना ऐकू कमी येतं, म्हणून आमचं जमतं. दुपारी त्या चांगली उशी उसवतात आणि पुन्हा शिवतात, उगाचच.

म्हणून सांगते मित्रांनो, इमारतीचा विमा भिंतींना सांभाळतो. तुमच्या आवडत्या वस्तूंची काळजी तुम्हीच घ्यायची. घरात पाणी शिरलं तर आधी फोटो काढा, मग फडकं हातात घ्या. आणि काही मोडलं असेल तर "मोडलंय" म्हणायला लाजू नका. झाकून ठेवलेलं कुणाला दुरुस्त करता येत नाही.