मानमानच्या गळ्यातला अंगारा

जेवणं उरकली, तोंडं पुसून झाली, की पेइछिन बाई पाचही बाळांच्या गळ्यांतलं काय असेल ते उतरवून ठेवीत. झोपताना बाळाच्या गळ्याभोवती दोरा नको, लाळेरंसुद्धा नको, हा पाळणाघराचा नियमच होता. त्यांच्या वाट्याच्या पाच बाळांपैकी दोघांच्या गळ्यात लाल कापडी ताईत असायचे, काडेपेटीएवढे, आत देवळातला अंगारा शिवलेला. ते काढायचे, भिंतीवरच्या ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवायचे आणि बाळ उठलं की परत घालायचे. इतकं साधं काम.

त्या बुधवारी मानमानने रताळ्याची पेज हनुवटीपासून बेंबीपर्यंत माखून घेतली होती. बाईंनी तिला आंघोळ घातल्यासारखं पुसलं आणि मग तिचा ताईत ओल्या फडक्याने हलकेच टिपायला घेतला. टिपता टिपता त्यावरची सोनेरी दोऱ्याची अक्षरं उजळली, आणि बाईंचा हात तिथेच थांबला.

अक्षरं समुद्रमाता माझूच्या देवळाची होती, पलीकडच्या फंगहू बेटांवरच्या. मानमानच्या आजीने नातीच्या गळ्यात बांधला होता तो पाओशेंगचा, वैद्यदेवाचा अंगारा. त्याचं देऊळ इथेच, गावाच्या वेशीला.

बाईंनी दुसऱ्या कप्प्यातला ताईत काढून पाहिला. रुइरुइच्या कप्प्यात वैद्यदेव निवांत बसले होते.

बाकीची बाळं पेंगुळली होती. बाईंनी एकेकाला उताणं निजवलं, पांघरुणं छातीखाली सारली आणि खाली बसून विचार केला. फार विचार करावा लागला नाहीच. बारा दिवसांपूर्वी भूकंपाचा सराव झाला होता. भोंगा नेमका झोपेच्या वेळी वाजला. पाचही बाळं चाकांच्या मोठ्या खाटल्यात घातली, डोक्यांवर गाद्या धरल्या आणि खाटलं ढकलत सगळे अंगणात. परत आल्यावर पाच बाळं पाच सुरांत रडत होती. त्या गोंधळात बाईंनी दोन्ही ताईत एकदमच कप्प्यांतून काढले होते, ते त्यांना आठवलं. कोणता कोणाला घातला, ते मात्र आठवेना. आठवायची गरजही आता उरली नव्हती.

"काय झालं? चेहरा का असा?" शेजारच्या गटाची यूंगशान रांगत जवळ आली. झोपेच्या वेळी त्या खोलीत मोठी माणसंही रांगतच फिरायची.

बाईंनी दोन्ही ताईत तिच्यापुढे धरून सारं सांगितलं. यूंगशानने तोंडावर हात दाबला, पण हसू डोळ्यांतून सांडलंच.

"म्हणजे बारा दिवस देवांची बदली झाली होती म्हणा की! आणि पोरगी झोपायला लागली ती—"

"हळू बोल गं."

"—ती माझूच्या हाताखाली. आणि तिच्या आजी, आमा, तर सगळ्या गल्लीला वैद्यदेवाचा पराक्रम सांगत सुटल्यात."

यात हसण्यासारखं होतं, हे बाईंनाही कळत होतं. पण त्याच सकाळी आमांनी त्यांना एक गोष्ट सांगितली होती.

मानमानच्या आजीला सगळे आमाच म्हणत. वय त्र्याहत्तर, अंगाने काडी. मुलगा नि सून कारखान्यात पाळ्या करायचे. गेल्या वर्षी आमांचं मनगट मोडलं आणि नातीला उचलणं त्यांना जमेना, म्हणून ती पाळणाघरात आली. आमांना ते मुळीच मान्य नव्हतं. पहिले तीन आठवडे त्या फाटकाबाहेरच्या बाकावर छत्री उघडून बसून राहायच्या. आत मूल रडलं की उठून उभ्या राहायच्या. ते मानमानचं रडणं नसलं तरीही. शेवटी पेइछिन बाई एकदा बाहेर गेल्या, त्यांच्याशेजारी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "आमा, तिच्या अंगाला जे लागेल ते माझ्याच हाताने लागेल. दुसऱ्या कोणाच्या नाही." आमांनी बराच वेळ त्यांच्या हातांकडे पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीसोबत तो ताईत आणला, तो कसा बांधायचा ते दोनदा करून दाखवलं आणि बाकावर न बसता घरी गेल्या.

पण मानमान रात्रीची झोपत नव्हती. दोन महिने घर जागं होतं. डॉक्टर म्हणाले, दात येताहेत. आमा म्हणाल्या, भ्यालीय ती. त्यांनी देवाला साकडं घातलं: पोरीला झोप लागू दे, मी जन्मभर मासमच्छी सोडीन. आणि साधारण बारा दिवसांपासून मानमान ढाराढूर झोपू लागली.

"उद्या प्रतिपदा," त्या सकाळी आमा म्हणाल्या होत्या. "पहाटेच जाते देवळात. तोंडाने बोलले होते, आता उदबत्ती लावून पक्कं करते. एकदा शब्द दिला की दिला."

बाई तेव्हा "छान झालं हो, आमा" एवढंच म्हणाल्या होत्या. म्हणताना सुनेचे शब्द मात्र कानात होते. मनगट जुळेना तेव्हा डॉक्टरांनी रोज मासा, रोज अंडं लिहून दिलं होतं. मासा सोडला तर आमांच्या अंगात उरणार काय, म्हणून सून रडवेली झाली होती. आमा कोणाचं ऐकतील तर शपथ!

"सांगू नका," यूंगशान म्हणाली. आता ती हसत नव्हती. "गपचूप बदला आणि मोकळ्या व्हा. पोर झोपतेय, आमा खूश आहेत. बिघडलं कोणाचं?"

"ज्या देवाने काही केलंच नसेल, त्याच्यापुढे त्या जन्माचा शब्द देणार आहेत, यूंगशान. माझ्या चुकीवर."

"केलं नाही कशावरून? मागची दाढ फुटलीय तिची, परवा मीच बोट घालून पाहिली. ना माझूने केलं ना वैद्यदेवाने, दाढेने केलं."

"असेलही. दाढ कोण फुटवतं ते मला कुठे ठाऊक आहे? मी कोणता ताईत कोणाला घातला तेवढं मला ठाऊक आहे. म्हणजे, ठाऊक असायला हवं होतं."

"आणि सांगितलंत तर? आमा मानमानला घेऊन जातील. पुन्हा तो बाक, पुन्हा ती छत्री. नाहीतर त्या मोडक्या मनगटावर पोर घरी सांभाळतील."

बाईंनाही हीच भीती होती. रांगतच त्यांनी पुन्हा एक फेरी घातली. दर दहा मिनिटांनी प्रत्येकाच्या छातीवर तळवा ठेवायचा, श्वास वर येतोय ना ते पाहायचं, वहीत वेळ टिपायची. मानमानच्या छातीवर त्यांचा तळवा जरा जास्तच रेंगाळला. मूठभर जीव, खाली-वर, खाली-वर. त्या श्वासाला कोणाची अक्षरं कोणाच्या गळ्यात आहेत याची काही पडलेली नव्हती.

दोन वाजता बाळं उठली. लंगोट बदलले, पाणी पाजलं. मग ताईत घालायची वेळ आली आणि बाई दोन्ही हातांत एकेक घेऊन तशाच उभ्या राहिल्या. चुकलेला तसाच परत घालावा, तर आता ते जाणूनबुजून केल्यासारखं होईल. बरोबर घालावा, तर लपवाछपवी तिथेच सुरू झाली. त्यांनी दोन्ही ताईत स्वच्छ रुमालात गुंडाळले आणि खिशात ठेवले. आता संध्याकाळी बोलणं भागच होतं.

रुइरुइची आई आधी आली. इस्पितळात परिचारिका, कायम घाईत. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अहो, एवढंच ना? सासऱ्यांनी बेटावरून पाठवलाय म्हणून घालते. उद्या घाला परत. पण बाई, औषधाच्या बाबतीत असं करू नका हं कधी."

शेवटचं वाक्य ती हसत बोलली, पण ते बाईंना लागायचं तिथे लागलं. त्यांनी कमरेत वाकून क्षमा मागितली.

साडेचारला आमा आल्या. बाईंनी मानमानला यूंगशानकडे दिलं आणि आमांना बाहेरच्या बाकावर बसवलं. आमांनी लगेच ओळखलं.

"पडली का? ताप आला?"

"नाही, आमा. मानमान ठणठणीत आहे. चूक माझ्या हातून झालीय." बाईंनी रुमाल उघडला. "सरावाच्या दिवशी मी ताईत अदलाबदल केले. हा तुमचा, वैद्यदेवाचा. तो रुइरुइच्या गळ्यात होता. मानमानच्या गळ्यात इतके दिवस हा होता, माझूचा. मला आज दुपारी कळलं."

आमांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी दोन्ही ताईत तळहातावर घेतले, उलटेपालटे केले, एक हुंगला, दुसरा हुंगला. "रात्री पाळण्याच्या दांडीला मीच बांधत होते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "माझ्या हातालाही कळू नये?"

मग एकदम मान वर करून विचारलं, "त्या पोराला काही झालं?"

"कोणाला?"

"रुइरुइला गं! बारा दिवस दुसऱ्याच्या दाराशी होता तो. खोकला? पोट?"

"काही नाही, आमा. उलट परवापासून चालायला लागलाय."

"चालायला लागला," आमा म्हणाल्या. त्यांचा चेहरा काही कळू देईना. "तूच म्हणाली होतीस, माझ्याच हाताने लागेल."

"हो."

"लागलं ते तुझ्याच हाताने. चुकीचं, पण तुझ्याच."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आमा उठल्या, दोन्ही ताईत पिशवीत टाकले, यूंगशानकडून नातीला घेतलं, मनगटाला कळ लागली ती ओठांत दाबली, आणि वळून म्हणाल्या, "पहाटे साडेपाचला देवळात ये. माझे कान बरे आहेत, पण डोळ्यांना अक्षर कळत नाही; कोणता ताईत कोणाचा, याच्या साक्षीला दुसरं माणूस हवं." उद्या मानमान येणार की नाही, हे त्या बोलल्या नाहीत. विचारायचा धीर बाईंना झाला नाही.

पहाटे देवळात प्रतिपदेची गर्दी होती. फळांची ताटं, उदबत्त्यांचा धूर, फरशीवर कौलाची लाकडं पडल्याचे टकटक आवाज. आमांनी पेरू आणि वाफवलेल्या भाकऱ्या मांडल्या होत्या. मानमान सुनेजवळ घरी होती. आमांनी बाईंना शेजारी गुडघ्यांवर बसवलं आणि देवाला ठणकावून सगळी हकीकत ऐकवली: नाव, गाव, गल्ली, घर नंबर, भूकंपाचा सराव, चाकांचं खाटलं, आणि "ही शेजारी बसलीय ती, हिच्याच हातून झालं." आजूबाजूची माणसं वळून पाहू लागली. बाईंनी मान खाली घातली.

"आता सांग," आमा देवाला म्हणाल्या, "पोरीला झोप तू दिलीस की तिने, समुद्रातलीने? तू दिली असशील तर मी जन्मभर मासा सोडते." आणि त्यांनी दोन्ही चंद्रकोरी लाकडं टाकली.

दोन्हींच्या सपाट बाजू वर. म्हणजे ना हो, ना नाही; देव हसतोय.

आमांनी पुन्हा टाकली. पुन्हा हसला. तिसऱ्यांदा एक लाकूड खांबाला आपटून गरागरा फिरलं आणि सपाट बाजू वर करूनच पडलं.

"बघ, दात काढतोय मेला," आमा पुटपुटल्या आणि लगेच जीभ चावून हात जोडले. मग मात्र त्या देवाशी घासाघीस करायला बसल्या. एक वर्ष सोडते? हसला. बरं, सहा महिने? लाकडं पालथी पडली: नाही. "मग हवं काय तुला?" आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "सकाळची? फक्त सकाळची न्याहारी, शाकाहारी?"

एक सपाट, एक पालथं. कौल मिळाला. तीनदा टाकलं, तीनदा तसंच पडलं.

आमा टाचांवर बसल्या. "माशाची पेज," त्या म्हणाल्या. "साठ वर्षं सकाळी तीच खातेय मी. दुपारचं, रात्रीचं काय, असलं नसलं सारखंच. नेमकं मर्म धरलं बघ याने."

"दुपारी खाल ना मासा? आणि अंडं?" बाईंनी विचारलं.

"खाईन. सुनेला सांग तूच, माझ्या तोंडून ऐकलं की ती फुशारेल." मग त्यांनी दोन्ही ताईत काढले, धुपाटण्यावरून तीन तीनदा फिरवले आणि रुइरुइचा बाईंच्या हातात दिला. "याच्या आईला सांग, चालायला लागलाय तर पायात मोजे नकोत, घसरतो. आणि त्या बेटाकडे होडी जाते का गं? फुकट झोप घेऊन बसायची सवय नाही आपल्याला. एकदा जाऊन तिच्याही पाया पडते."

"जाते, आमा. मी येईन बरोबर."

बाहेर उजाडलं होतं. बाईंना कामावर पोचायला हवं होतं, पण पाय निघेना. शेवटी त्यांनी धीर करून लाकडं उचलली. "आमा, माझ्या चुकीचं देवाला विचारायचं राहिलं. क्षमा आहे की नाही ते. लाकडं मी टाकू?"

आमांनी लाकडं त्यांच्या हातून काढून घेतली आणि जागच्या जागी ठेवून दिली.

"पोर माझी, राग माझा. त्याला मधे कशाला घालतेस?" त्या म्हणाल्या, आणि दुखरं मनगट सांभाळत, बाईंच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या. "चल, उशीर होतोय तुला. आठला घेऊन येते तिला. आणि आज तिला ताईत घालताना अक्षरं मोठ्याने वाच, मलाही ऐकू दे."