तिसऱ्या गटातलं गाव

शेखर सरांनी विचारलं होतं, "द्राक्षबाग नाही, फवारणी नाही, असं एखादं गाव कुणाच्या माहितीत आहे?" तेव्हा बाकीच्यांनी नकाशा उघडला. संपदानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे देवळ्याच्या बाजूची टेकडी आली, टेकडीखालची बाजरी आली, बाजरीतून हात हलवत येणारा गोरक्षमामा आला.

"माझ्या मामाचं गाव," ती म्हणाली.

अभ्यास साधा होता. फवारणीच्या औषधानं हाताची बोटं अडखळतात का, ते बघायचं. द्राक्षाला औषध मारणाऱ्यांचा एक गट. बागेत राबणाऱ्या, पण पंप न धरणाऱ्यांचा दुसरा. आणि तिसरा गट असा, की ज्याचं खाणंपिणं, वय, कष्ट सारखेच, फक्त औषधाशी संबंध नाही. "तिसरा गट म्हणजे धुतलेली पाटी," सर म्हणायचे. "पाटीच मळकी निघाली, तर पहिल्या दोघांचं काय लिहिलंय ते वाचताच यायचं नाही." दिंडोरीकडच्या निवृत्तीनं तर तिला गाठून सांगितलं होतं, "ताई, पंधरा वर्षं पंप मारतोय. आता शर्टाचं बटण लागत नाय. औषधानं का वयानं, काय ते खरं सांगा."

ते खरं सांगण्यासाठीच ती आजोळी आली होती.

"ये वं माय! कशी शे तू?" कुसामामीनं दारातच तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मामी मात्र तशीच, काळी कुळकुळीत, हसरी. शेजारची सिंधुबाई आधीच ओट्यावर येऊन बसली होती.

संपदानं बोटं तपासायची भोकांची पाटी मांडली. बारीक खुंट्या उचलायच्या, एकेका भोकात बसवायच्या.

"हे काय, सारीपाट खेळाया आलीस?" मामी म्हणाली.

"खेळ की. बघू कोण जिंकतंय."

मामीच्या बोटांतून पहिलीच खुंटी निसटली. दुसरी भोकाशी जाऊन थरथरली. सिंधुबाई खो खो हसली, "अगं, सून आणायच्या वयात कानातलं फूल घालता येईना हिला!" मग सिंधुबाईची पाळी आली आणि तिच्याही खुंट्या ओट्यावरून अंगणात गेल्या. दोघी हसत होत्या. संपदा हसता हसता थांबली. ही बोटं निवृत्तीच्या बोटांसारखी अडखळत होती.

"मामी, कधी फवारणी केलीस? औषध हाताळलंस?"

"नाय वं. आपल्याला कुठला पंप? मी औषधाला शिवले बी नाय."

सिंधुबाईनंही मान हलवली. संपदाला हायसं वाटलं, आणि पुरतं वाटलंही नाही.

मामी भाकरीचं पीठ आणायला आतल्या खोलीत गेली, तशी संपदाही मागोमाग गेली. उंबरा ओलांडताच तो वास आला. गोडसर, कोंदट, नाकात किंचित चुरचुरणारा. आजोळचा वास. नाशिकच्या फ्लॅटमध्ये किती वेळा ती या वासासाठी उगाच उसासली होती! मामा उचलून घ्यायचा तेव्हा त्याच्या खांद्याला हाच वास असायचा. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे हा वास. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"मामी, अजून तस्साच बाजरीचा वास गं!"

"बाजरीचा कुठला? पावडरीचा हाय तो."

"कुठली पावडर?"

"किड्याची. तिच्याबिगर दाणा टिकतो व्हय? जुनी मिळत नाय आता, दुकानदार दुसरी देतो. पहिली तुझा मामा आणायचा. त्यानं वरून भुरभुरायची, आम्ही बायांनी हातानं कालवायची." मामीनं कोठीत कोपरापर्यंत हात घालून दाखवला आणि नकळत गुणगुणली,

"कणगी भरते बाई, हात घाली कोपरापातूर
भावाच्या घरी माझ्या, लक्षुमी गं भरपूर."

"तू बी घालायचीस की हात! पांढरे हात घेऊन भूत भूत करत पळायचीस. डोक्यात उवा झाल्या का तीच चोळून फडकं बांधायचो तुला."

संपदा कोठीपासून मागं सरली. "अगं, मग मघाशी औषध नाही म्हणालीस?"

"औषध पिकाला मारत्यात. ही तर घरातली पावडर!"

सगळ्या गावानं असंच सांगितलं असतं, अगदी खरेपणानं. आणि तिनं विचारलंच नसतं, कारण तिच्या आठवणीत हे गाव धुऊन पुसून ठेवलेलं होतं. बोटं कशानं अडखळतात ते आज सांगता येणार नव्हतं. पण हे गाव तिसऱ्या गटात राहिलं, तर निवृत्तीची बोटं चारचौघांसारखीच दिसणार होती, औषध सुटणार होतं. आणि नाही राहिलं, तर मामाच्या खांद्याचा तो वास औषधाचाच होता, हे मान्य करावं लागणार होतं.

ती अंगणात आली, फोन लावला.

"सर, हे गाव तिसऱ्या गटात चालणार नाही."

"तूच म्हणाली होतीस ना, इतकं स्वच्छ गाव दुसरं नाही म्हणून?"

"मी सहा वर्षांची असताना पाहिलेलं सांगितलं होतं, सर." मग तिनं पावडरीचं सगळं सांगितलं. मामाचं नाव मात्र शेवटी घेतलं.

"वेगळा गट करू त्यांचा," सर म्हणाले. " धान्यातल्या पावडरीवाल्यांचा. तिसऱ्यासाठी पुन्हा शोधू. आता मात्र घरात शिरून विचारायचं."

मामी दारात उभी होती. "आम्हाला नापास केलं का गं?"

"नाही गं मामी. दुसऱ्या वर्गात बसवलं."

"ही सिंधी माझ्याजवळच ना?"

"शेजारीच."

"मग चालंल. माझं बघून लिहील मेली."

निघताना मामीनं परसातल्या शेवग्याच्या शेंगा तोडून आणल्या. "घे. या झाडावर कधी काय नाय टाकलं."

"नक्की, मामी?"

"आता शेंगांची बी परीक्षा?" मामी हसली. पण शेंगा द्यायला पुढं केलेला हात तसाच राहिला. झाडाकडं बघत ती म्हणाली, "थांब हां. सुरवंट झाले होते एकदा... आठवू दे."

संपदा पायरीवर टेकली. बस चुकली तर चुकली.