शनिवारी बंद

पनवेलच्या लाईन आळीच्या तोंडाशी, झेरॉक्सवाल्या अविनाशच्या गाळ्याला खेटून, इनॉक झिराडकरांचं बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, कोनाडाच तो, पण त्यावरची पाटी मात्र ऐसपैस, आणि पाटीवर नावाखाली लाल अक्षरांत लिहिलेलं, 'शनिवारी बंद'. इनॉकांचे पणजोबा तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी घाण्याला बैल जुंपत नसत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. पुढे घाणा गेला, बैल गेला, तेलाच्या जागी रेक्झिन आणि चेनी आल्या, पण शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत कामाला हात लावायचा नाही हा ज्यू घरातला शब्बाथचा नेम काही हलला नाही. "देवाला सहा दिवस पुरले, मला का नाही पुरणार," असं इनॉक म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

यंदा मात्र सहा दिवसही जास्तच होत होते. जूनमध्ये पोरांच्या दप्तरांचे पट्टे शिवून झाले की दिवाळीच्या प्रवासापर्यंत बॅगवाल्याला मंदी ठरलेलीच, पण यंदाची मंदी पाहुणी म्हणून आली आणि ठाण मांडून बसली. इनॉक काही तोंड पाडून बसणाऱ्यातले नव्हते. त्यांनी टोचे घासून लखलखीत केले, चेनीचे रनर आधी आकारानं आणि मग रंगानं लावले, अविनाशची फाटकी खुर्ची त्यानं नको नको म्हणत असतानाही शिवून टाकली, आणि एवढं सगळं उरकून घड्याळात पाहिलं तर साडेअकरा वाजलेले.

खरी गोम वेगळीच होती. मुलगा अवी इस्रायलला, अश्दोदला स्थायिक झाला होता आणि आईबाबांनी तिकडे यावं म्हणून दर फोनवर लकडा लावत होता. एकदा त्याच्यापुढे मान तुकवून इनॉकांनी शब्द दिला होता की गणपतीपर्यंत दुकानानं जोर धरला नाही, तर कुलूप लावून येतो. बायकोचा, अबीगेलचा जीव नातीत, निरीतमध्ये अडकलेला. ती कधीही निघायला तयार होती. इनॉकांना मात्र आळी सोडायची नव्हती. अख्ख्या पनवेलच्या बॅगांना चाकं बसवणाऱ्या या माणसाच्या घरच्या दोन मोठ्या बॅगा मोडक्या चाकांनिशी माळ्यावर पडून होत्या, आणि बायकोनं त्यांचा विषय काढला की यांना नेमकी शिंक यायची.

एका रविवारी सकाळी जासईची गोदूमावशी दुकानात आली. ती गेली वीस वर्षं एकच काळी बॅग दुरुस्त करून घेत होती.

"पट्टा मजबूत झाला रं इनॉक," ती म्हणाली. "दुसरा बी तसाच घालून दे."

"कुठे शिवून घेतलास, मावशी?"

"कुठं म्हंजे? तूच शिवलास ना काल, माज्यासमोर बसून."

काल शनिवार होता. इनॉक हसले, मावशीचं वय झालं असं मनाशी म्हणाले आणि बॅग हातात घेतली. पट्टा मेणाच्या दोऱ्यानं शिवला होता. टाका उजवीकडून डावीकडे गेला होता आणि शेवटची गाठ आतल्या अंगाला दोनदा फिरवलेली होती. इनॉक डावरे होते. असा टाका लाईन आळीत तरी दुसरं कुणी घालत नसे.

"आणखी काय बोललो मी काल?" त्यांनी गमतीनं विचारलं.

"लय बडबडलास. शनवारी तुजी कळी खुलती," मावशी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पन येक बोललास त्ये बरं नाय वाटलं. मी डब्यातली भाकर दिली, तर बोललास, मावशी, घरी बसून जेवून लय दिस झालं."

घरी आल्यावर इनॉकांनी बायकोला विचारलं, "काल दिवसभर मी कुठे होतो गं?"

"सोफ्यावर," अबीगेल म्हणाली. "घोरत होतात. वरच्या मजल्यावरची मनिषा विचारायला आली होती, काका बरे आहेत ना म्हणून."

दोघं पोट धरून हसली आणि विषय तिथेच राहिला.

पण पुढच्या रविवारी तिघं आले आणि त्याच्या पुढच्या रविवारी सात. कुणाची चाकं शनिवारी बसवून झाली होती, कुणाला शनिवारी बोलावलं होतं आणि काम उरलं होतं. सगळे खुशीत होते, सगळे चारचौघांना सांगत होते, आणि त्यामुळे सोमवार-मंगळवारीही गिऱ्हाईक रेंगाळू लागलं. इनॉकांनी आडून आडून अविनाशला विचारलं, "शनिवारी आळीत फार वर्दळ असते का रे?" तर तो म्हणाला, "मला काय विचारता, काका? चहा तर तुम्हीच पाजता सगळ्यांना." दोऱ्याचं रीळ कमी होत होतं. आपल्या चटईवर शनिवारचं रेक्झिनचं कातरण पडलेलं पाहून इनॉकांना भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर त्यांना आधी वाटला तो आनंद. दुकान वाचत होतं. देणाऱ्याचा हात कुणी धरावा?

एवढंच की माणसाला चांगलं चाललेलंही डोळ्यांनी पाहावंसं वाटतं. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावण्याआधी अबीगेल दुकानाच्या किल्ल्या तांदळाच्या डब्यात टाकायची, म्हणजे शब्बाथला त्यांची आठवणही नको. त्या शुक्रवारी ती वळल्यावर इनॉकांनी त्या काढून खिशात ठेवल्या. मनुकांच्या सरबताचा पेला हातात घेऊन प्रार्थना म्हणताना त्यांना आयुष्यात पहिल्यांदा चोरी केल्यासारखं वाटलं.

शनिवारी सिनेगॉगमधली प्रार्थना आटोपून ते घरी खांदा कॉलनीला न जाता लाईन आळीकडे वळले. शटर बंद होतं. इनॉकांचा जीव भांड्यात पडला, आणि खोटं कशाला बोला, थोडा खट्टूही झाला. पायरीवर गोदूमावशी बसली होती, तिच्यामागे चौघंजण बॅगा घेऊन उभे होते.

"आज उशीर केलास," मावशी म्हणाली.

एवढ्या माणसांना परत कसं पाठवायचं? फक्त मावशीची चेन लावून देऊ आणि निघू, असं म्हणत इनॉकांनी किल्ली लावली. मग मावशीमागून दुसरा आला, दुसऱ्यामागून तिसरा, हात असा काही चालू लागला की बस्स. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, ऐकणारा कंटाळेपर्यंत पणजोबांच्या बैलाच्या गोष्टी सांगितल्या, आणि असं मोकळं, भरलेलं, हसतं दुकान आपण वर्षानुवर्षं बंद ठेवलं याचं त्यांना वाईट वाटलं. मान वर केली तेव्हा संध्याकाळ झाली होती.

तळमजल्यावरच्या घराशी पोचेपर्यंत आभाळात तारे दिसू लागले होते. खिडकी उघडी होती. आत शब्बाथ संपल्याची प्रार्थना चालली होती, हबदाला, आणि आवाज ओळखीचा होता. अबीगेल रीतीप्रमाणे सब्जाची सुवासिक पानं हुंगत होती. टेबलाच्या टोकाशी इनॉकांच्या खुर्चीत इनॉकांचा पांढरा सदरा घालून इनॉक बसले होते आणि डाव्या हातात सरबताचा पेला धरून होते. भिंतीला टेकून मोठ्या दोन बॅगा उभ्या होत्या. दोन्हींना नवी चाकं होती.

"निरीतला आधी मी उचलणार हं," अबीगेल म्हणत होती.

"तूच उचल," आतले इनॉक म्हणाले. "मी तर नुसता बसून राहणार. आयुष्यभर मला कुठे बसायला मिळालं?"

ती हसली. इतकी मोकळी हसताना इनॉकांनी तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्यांनी बेलकडे हात नेला. पण दार उघडल्यावर ती दोघांकडे पाहणार, आणि मग कुणाला आत ये म्हणणार, हे त्यांना सांगता येईना. हात खाली आला. खिशात किल्ल्या होत्या.

गणपती आले आणि गेले, खांदा कॉलनीतल्या घराला कुलूप लागलं. दुकानाला आता मंदी कशी ती ठाऊक नाही. पाटीवरची लाल अक्षरं इनॉकांनी स्वतःच घासून काढली, कारण आठवड्याचे सातही दिवस शटर उघडं असतं आणि आळीत सगळ्यात मोठं हसू तिथूनच ऐकू येतं. परवा गोदूमावशी नवी बॅग घेऊन आली, चक्क नवी, तिचीही चेन बिघडली होती म्हणा. पायरीवर बसून तिनं डबा उघडला आणि अर्धी भाकरी पुढे केली.

इनॉकांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

"मावशी," ते म्हणाले, "घरी बसून जेवून लय दिस झालं."