पंचेचाळीस किलोची चोरी

"चोर! माझ्याच घरात चोर!" थोरल्याने वजनकाट्यावर हात आपटला. धाकटा रात्रभर जागून लाल झालेले डोळे चोळत उभा होता.

संध्याकाळी वाळवणघरात शंभर किलो टोमॅटो शिरले होते, सकाळी पन्नासच निघाले. एरवी कडकडीत वाळवायचे, तेव्हा पाणी किती उरलं हे कोण बघतंय? या गिऱ्हाइकाला मात्र अर्धवट ओले हवे होते, म्हणून पाणी मोजायचं यंत्र आणलं. काल यंत्राने पंचाण्णव टक्के पाणी दाखवलं, आज नव्वद.

"पाच टक्के पाणी उडालं, म्हणजे पाच किलो. बाकीचे पंचेचाळीस कुठं विकलेस?"

"दादा, मी रात्रभर इथंच..."

"तोंड वर करून बोलू नकोस! किल्ली ठेव आणि चालता हो."

धाकट्याने मुकाट्याने किल्ली ठेवली आणि बाहेर पडला. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या दिराला तिने पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं.

"अहो, जीभ आवरा! टोमॅटोतलं पाणी उडतं. गर उडतो का?"

"नाही."

"काल गर किती होता?"

"पाच किलो."

"आजही पाचच ना? पण आज पाणी नव्वद टक्के, म्हणजे गर दहावा हिस्सा. मग सगळं मिळून किती?"

थोरला बोटांवर मोजू लागला.

"वीस जणांच्या बैठकीत एक बाई आहे. दहात एक बाई करायची, तर किती पुरुष उठवाल? एक?"

"दहा," तो पुटपुटला. "निम्मी बैठकच."

"मग! पंचाण्णवातून नव्वद वजा केले आणि मोकळे झालात. अहो, कालचे टक्के कालच्या वजनाचे, आजचे आजच्या! आणि एवढ्या अकलेवर पोराला चोर ठरवलंत?"

थोरल्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो धावतच फाटकापाशी गेला. धाकटा पिशवी खांद्याला अडकवत होता.

"अरे, गणित चुकलं माझं. चल आत."

"गणित कुणाचंही चुकतं, दादा. पण पंचेचाळीस किलो सापडेनात, तेव्हा तुला आधी मीच सापडलो."

मागून वहिनी आली होती. थांब म्हणायला तिलाही तोंड उरलं नव्हतं.

"येतो, वहिनी," धाकटा म्हणाला आणि निघून गेला.