कापूस अडकला तिथे

“माणूस जन्माला येतो तोच पृथ्वीचा निरोप घेण्यासाठी!” प्रशिक्षकांनी सामानाच्या खोलीच्या दारात उभे राहून जाहीर केले, आणि आत पाऊल टाकताना उंबरठ्याला अडखळून ते पृथ्वीच्या चांगलेच जवळ आले.

“लागलं का, सर?” काठीकाकांनी मान न वळवता विचारले.

“स्पर्धेच्या दिवशी मला काही लागत नाही,” गुडघा चोळत प्रशिक्षक म्हणाले.

काकांच्या हातात कापसाचा बोळा होता आणि समोर, दोन गाद्यांवर आडवी निजवलेली, बांबूउडीची काठी. नाव बांबूउडीचे, काठी काचेच्या धाग्यांची. पण नावाला जागायची सक्ती माणसांवर नाही, ती काठीवर कशाला करा? ती ओल्या फडक्याने पुसायची, वाळली की तिच्यावरून कापूस फिरवायचा. गुळगुळीत अंगावरून कापूस घसरतो. ओरखडा असेल तिथे त्याचा तंतू अडकतो. माणसाच्या डोळ्यांना चष्मा लागतो, कापसाला लागत नाही, असे काका म्हणत.

त्यांचे दुसरे काम मैदानावरचे. उडी मारणारा आडव्या दांडीपाशी पोचला की काठी मागे ढकलून देतो. ती खाली आदळण्याआधी काका झेलत. एकतीस वर्षे ते उडीपासून चार हातांवर उभे होते, आणि एकही उडी त्यांनी पाहिली नव्हती. सगळे वर बघत, काका काठीकडे. लग्नघरातल्या आचाऱ्याने नवरी पाहिलेली नसते, त्यातलाच प्रकार.

काठीच्या मध्यापाशी कापूस अडकला.

काका दचकले नाहीत. तो तिथेच अडकणार हे त्यांना ठाऊक होते. म्हणून तर तीन दिवस त्यांनी या काठीला कापूस लावला नव्हता.

तीन दिवसांपूर्वी, संध्याकाळी, प्रशिक्षक फोनवर बोलत दूर गेले होते. सरावापुरता दांडीऐवजी रबरी दोरा बांधला होता, बरोबर चार मीटरवर. टपालबाई धावत आली. टपालकचेरीत पत्रे लावणारी ही बाई नऊ वर्षे चार मीटरच्या मागे होती. काठी रोवली गेली, वाकली, आणि कुणी हनुवटीला बोट लावावे तशी काकांची मान आपोआप वर गेली. आधी पाय गेले, मग कंबर. मग ती पालथी होऊन दोऱ्याच्या वर हवेत नुसती राहिली. वारा थांबला. कुंपणावर वाळत घातलेला टॉवेलसुद्धा स्वस्थ झाला. काकांना वाटले, आपण तळ्याच्या तळाशी उभे आहोत आणि वरून कुणीतरी सावकाश पोहत चालले आहे.

तेवढ्यात टण्णकन आवाज झाला. काठी रोवायच्या खोबणीच्या पत्र्यावर ती आदळली होती.

“काका, दोरा हलला का हो?” गादीवरून टपालबाईने विचारले.

“मी कुठं वर बघतो?” काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी हजारदा म्हटले असेल. खोटे ते त्या दिवशी पहिल्यांदाच होते.

आता ती दारात उभी होती, खांद्यावर पिशवी, गुडघ्याला पट्टी. वय छत्तीस. डॉक्टरांनी गुडघ्याकडे बघून सांगितले होते, ही शेवटची स्पर्धा.

“काय काका, माझी राणी तयार आहे ना?”

“राणीला ओरखडा आहे.”

“कुठाय?” प्रशिक्षक वाकले. “मला तर दिसत नाही.”

“तुम्हाला उंबरठा दिसला नाही, सर.”

टपालबाईने बोट फिरवले. “नखाएवढा तर आहे. चार-सहा उड्यांचा प्रश्न, काका. तेवढं धरेल ती.”

“काठी वाकली की ओरखडा तोंड उघडतो. आणि तेव्हा तू हवेत उलटी असतेस. मोडलेल्या काठीला टोक असतं, बाई.”

“पण पडला कसा?”

काकांनी चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा काढला. “तीन दिवसांपूर्वी, सरावात, माझ्या हातून सुटली. मी वर बघत होतो.”

“तुम्ही? वर?” प्रशिक्षकांना धक्का बसला तो याचा.

“बाकीच्या काठ्या एक तर माझ्या वजनाला कच्च्या, नाही तर आखूड,” टपालबाईचा आवाज चिरकला. “एकतीस वर्षांत तुम्हाला नेमकं त्याच दिवशी वर बघायचं होतं?”

ओरखडा पडलेली काठी काका लगेच कापत. नाही तर कुणीतरी प्रेमात पडलेला माणूस ती पुन्हा उचलतो. आजही त्यांनी करवत काढली. ती चालत होती तोवर टपालबाई पाठ करून बाहेर उभी राहिली.

दुपारी तिने आखूड काठी घेतली. तीन ऐंशी जमले. चार मीटरला दोनदा दांडी पडली. तिसऱ्या उडीआधी प्रशिक्षक ओरडले, “उडीचं पाऊल फार पुढं टाकू नकोस, पाठीला हिसका बसेल!” ती धावली. पाय गेले, कंबर गेली. छाती जाता जाता दांडीला शिवली. दांडी थरथरली, बराच वेळ विचारात पडल्यासारखी राहिली, आणि पडली.

काठी मागे आली. काकांनी ती झेलली.

टपालबाई गादीच्या मधोमध पाठीवर पडली होती, पडावे तशी. कुठे काही दुखावले नव्हते. दोघे जवळ गेले.

“संपलं,” तिने आभाळाला सांगितले. मग मान वळवून, “काका, त्या दिवशी तुम्ही खरंच वर बघत होता?”

“हो.”

“मग दोरा?”

“हलला नाही.” काकांनी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. “तुझ्या नि दोऱ्याच्या मधे एवढी जागा मोकळी होती. मधून आभाळ दिसत होतं.”

तिने पडल्या पडल्या आपला हात वर धरला, वीत ताणली, आणि त्या वितीएवढ्या आभाळाकडे बघत राहिली. प्रशिक्षकांनाही पृथ्वीविषयी काही सुचले नाही. त्यांनी आधी स्वतःचे नाक पुसले, मग काकांचा चष्मा धुरकटलेला पाहून खिशातला दुसरा, घडीचा रुमाल पुढे केला.

“रुमाल नको, सर,” काठी मांडीवर घेत काका म्हणाले, “थोडा कापूस असला तर द्या.”